कात्रीबाईंचा हिरवा बाक

समजा, तुमच्या हातात बोथट टोकांची एक कात्री आहे. समोर फाटक, फाटकाच्या खांबावर तळहाताएवढा काळा पडदा. दिवसभर पाळण्यांत बसून, पाण्यात भिजून, ओरडून घसा बसलेली माणसं रांगेनं तुमच्यापाशी येतात आणि मनगट पुढे करतात. मनगटावर निळा प्लॅस्टिकचा बँड. तो आधी पडद्याला टेकवायचा. बीप वाजतं, आकडा उमटतो. मग कात्रीचं एक पातं बँडखाली सरकवायचं, कातडीला लागू न देता, आणि कट. बँड पिंपात. "पुन्हा या." पुढचं मनगट.

पहिल्या दिवशी तुम्ही माणसांचे चेहरे बघाल. तिसऱ्या दिवशी नुसती मनगटं दिसतील. आठवडाभरानं मात्र तुमचं लक्ष त्या आकड्यावर जाईल आणि तिथंच अडकेल. शिल्लक जेवणं दोन. शिल्लक जेवणं एक. शिल्लक जेवणं तीन. पार्कात शिरतानाच लोकांनी दिवसाची तीन जेवणं आगाऊ भरून बँडवर घेतलेली असतात. कोणी दोन खातं, कोणी एक, मुलं तर आइस्क्रीमवर दिवस काढतात. उरलेली जेवणं परत मिळत नाहीत, उद्या चालत नाहीत. बँड कापला की संपली. म्हणजे तुम्ही कात्री दाबता आणि कुणाचं तरी भरलं ताट जागच्या जागी नाहीसं होतं. दिवसाला सातशे, आठशे ताटं.

आता यात आणखी एक गोष्ट घाला. तुम्हाला या फाटकावर आणून उभं केलंय ते एका ताटाची चोरी केली म्हणून.

एवढं मनात धरलंत की कात्रीबाई तुम्हाला कळल्याच म्हणून समजा.

हे नाव त्यांना फाटकावर आल्यावर पडलं. त्याआधी सतरा वर्षं त्या आतल्या गरम काउंटरवर वाढायला होत्या आणि सगळा पार्क त्यांना 'ताई' म्हणायचा. डोक्यावर जाळीची टोपी, हातात लांब दांड्याचा डाव, आणि नजर अशी की रांगेतल्या माणसाला भूक किती आहे हे तो ट्रे कसा धरतो त्यावरून ओळखावं. एकदा वाढलेल्या ताटात त्यांच्या हातून ना कधी कमी पडलं ना कधी वाया गेलं. अशा बाईच्या नावापुढे 'चोरी' हा शब्द लिहिला, तो लिहिणारा त्यांचा सख्खा धाकटा दीर होता.

बाई लग्न होऊन आल्या तेव्हा हा दीर अकरावीत होता. सासू-सासरे दोघंही गेलेले. दोन खोल्या, नवरा दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर, आणि सतत भुकेला असणारा हा मुलगा. सहा वर्षं तो बाईंच्या हातचं जेवला. मान खाली घालून, पुस्तक मांडीवर ठेवून जेवायचा. आणखी हवं असलं की तोंडानं मागायचा नाही. ताटाच्या कडेवर बोटानं टक टक करायचा. बाई ओट्यापाशी पाठमोऱ्या असल्या तरी तो आवाज त्यांना कळायचा. स्वतःच्या वाट्याचं त्याच्या ताटात कितीदा गेलं याचा त्यांनी कधी हिशेब ठेवला नाही.

त्याचं हॉटेलाचं शिक्षण झाल्यावर पार्कातल्या त्या वेळच्या साहेबांना "माझा दीर आहे, घरचाच आहे, हाताचा चांगला आहे," असं सांगून त्याला चिकटवलं तेही बाईंनीच. नऊ वर्षांत तो खरेदीतून वर चढत चढत जेवणखात्याचा मॅनेजर झाला. ज्या दिवशी झाला, त्या दिवशी बाईंनी नवऱ्याला गाडीवर जाताना सांगितलं होतं, "अहो, आता आपल्या डोक्यावर आपलाच माणूस." नवरा म्हणाला, "डोक्यावर बसलेला आपला असला तरी वजन तेवढंच लागतं गं." बाई तेव्हा हसल्या होत्या.

दिराचं नाव झालं ते 'हवे'मुळे. हवा हा स्वयंपाकघरातला शब्द. सकाळी जितकी जेवणं विकली जातात तितकी खाल्ली जात नाहीत, म्हणून तितकी शिजवायचीही नाहीत. विकलेलं आणि शिजवलेलं यांतला फरक म्हणजे हवा. आधीचे साहेब शंभराला वीस हवा धरायचे. दिरानं महिनोन्‌महिने आकडे मांडून ती पंचवीस केली, मग तीस, मग पस्तीस. शंभर जेवणं विकायची, पासष्ट शिजवायची. मालकीणबाईंनी त्याचं भर सभेत कौतुक केलं. भिंतीवर फळा लागला आणि रोज सकाळी आचारी त्या फळ्यासमोर उभा राहून ओरडायचा, "आज किती हवा, साहेब?"

आता तो दिवस. काउंटरवर गर्दी, बदलीची मुलगी आलीच नाही, बाई सकाळी सातपासून उभ्या. तीन वाजून गेले तरी पोटात काही नाही. एक आजोबा नातीला घेऊन आले. नात कंटाळून ओट्यावर डोकं टेकून झोपलेली. आजोबांनी तिचा बँड मशीनला लावला आणि बाईंना म्हणाले, "हिच्यातलं एक आहे. ही काही आता खायची नाही. तुम्ही मघापासून सगळ्यांना वाढताय, हे तुम्ही घ्या."

"अहो, नको."

"घ्या हो. नाहीतर फाटकावर कापूनच टाकणार आहेत."

तिकिटामागे छापलेलं होतं: बँडधारक आपलं जेवण कोणालाही देऊ शकतो. बाईंनी ते सतरा वर्षं लोकांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी भात आणि बटाट्याची भाजी घेतली, काउंटरच्या मागे वळल्या आणि उभ्या उभ्या सहा घास खाल्ले.

कॅमेरा छतात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्मचाऱ्यांच्या खोलीतल्या बोर्डावर फोटो लागला. जाळीची टोपी घातलेल्या बाई, गाल फुगलेला, चमचा तोंडाशी. खाली ठळक अक्षरांत: 'अन्नाची चोरी. काउंटरवरून एक जेवण. बदली, निर्गम फाटक.' दोनशे माणसं रोज त्या बोर्डासमोर डबा उघडायची.

बाई ऑफिसात गेल्या. दीर मान खाली घालून काही लिहीत होता.

"भाऊजी, हा फोटो काढा. मला फाटकावर ठेवा, पायखाने धुवायला ठेवा, पण तो शब्द काढा."

"वहिनी, इथं मी भाऊजी नाही."

"बरं. साहेब, मी चोरी केली का?"

तो पेन टेबलाच्या कडेवर आपटत राहिला. टक टक. टक टक. मग एक फॉर्म पुढे सरकवला. बाईंचा चष्मा काउंटरच्या खणात राहिलेला. त्यांनी न वाचता सही केली आणि बाहेर पडल्या. तळपायाची आग मस्तकात म्हणतात ती त्यांना त्या दिवशी पायऱ्या उतरताना एकेका पायरीवर कळली. महिनाभरानं तिकिटामागचा नियम नव्यानं छापून आला: 'कोणालाही देऊ शकतो, पार्कचे कर्मचारी वगळून.' म्हणजे आधी ते शब्द नव्हते हे त्यालाही ठाऊक होतं. बाईंनी जुनं तिकीट आणि नवं तिकीट दोन्ही पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिली.

घरी नवरा म्हणाला, "बोलू का मी त्याच्याशी?"

"तुम्ही मध्ये पडायचं नाही. तो तुमचा भाऊ आहे, तुम्ही वितळाल."

"मग तू काय करणार आहेस?"

"तोंडातून एक शब्द काढणार नाही."

नवऱ्याला हायसं वाटलं. अठरा वर्षं संसार करूनही त्याला कळलं नव्हतं की बाई बडबडतात तोवरच माफ करत असतात.

पहिले दोन महिने बाईंनी नुसतं कापलं. रोज एक शिव्यांची माळ मनात ओवायची आणि प्रत्येक कटबरोबर एक मणी सोडायचा. कधी दिराचा कोट दिसायचा, कधी कोटातलं पेन. एका दुपारी असंच एक मनगट पडद्याला टेकलं आणि शिल्लक तीन आलं. पाठोपाठ शिल्लक दोन, शिल्लक दोन, शिल्लक तीन. बाईंची कात्री हवेत थांबली.

ही त्याची हवा होती.

त्याचा फळा, त्याचं कौतुक, त्याचं मॅनेजरपण, सगळं या फाटकावरून बाहेर वाहत होतं आणि बाईंच्याच हातून कापलं जात होतं. दिरानं रागाच्या भरात बाईंना नेमकं त्याच जागी आणून उभं केलं होतं जिथं त्याच्या हवेची मान त्यांच्या कात्रीत येत होती. फाटक ही त्याच्या लेखी शिक्षेची जागा. तिथं उभ्या माणसाला काय दिसतं, हे तो एकदाही येऊन बघून गेला नव्हता.

कर्मचाऱ्यांना दिलेल्या कागदावर फाटकाबद्दल एकच सूचना होती, 'हसून निरोप द्यावा.' बाईंनी ती पाळायचं ठरवलं.

"ताई, थांबा," त्या हसून म्हणाल्या. "तुमच्या चौघांत मिळून सात जेवणं शिल्लक आहेत. कापू का?"

"सात? अगं बाई! पण आता पोटात जागा कुठंय?"

"तुमच्या नाही हो. तो बघा, हिरवा बाक."

फाटकाच्या आत वीस पावलांवर शेवटचा काउंटर होता आणि त्याच्याशेजारी, एका पत्र्याच्या शेडखाली, हिरवा लांब बाक. साध्या तिकिटावर आलेली माणसं तिथं बसायची. साधं तिकीट म्हणजे नुसता प्रवेश, जेवण नाही. बाहेरचा डबा दारात काढून घेतात आणि आतलं परवडत नाही, तेव्हा ही माणसं पाणी पीत बसून राहायची. सहलीच्या बसचे ड्रायव्हर तर हमखास.

त्या ताई संकोचल्या. "असं कसं जाऊन म्हणायचं हो? वाईट वाटेल त्यांना."

"देतो म्हणूच नका. म्हणायचं, आमच्यात सात आहेत. बस्स."

त्या गेल्या आणि तसंच म्हणाल्या. बाकावर एक बसड्रायव्हर मोबाइलवर क्रिकेट बघत होता. त्यानं वर बघितलं, बाईंकडे बघितलं, बाईंनी मान हलवली. तो उठला आणि बाकावरच्या बाकीच्यांना म्हणाला, "चला, बोलावणं आलंय."

त्या दिवशी सात ताटं हवेतून परत आली. बाईंनी मनात नोंद केली आणि कितीतरी दिवसांनी घरी जाताना बसमध्ये खिडकीची जागा मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

पुढे ते आपोआप पसरलं. ड्रायव्हर लोकांनी एकमेकांना सांगितलं. साधं तिकीट काढणारे दारातूनच विचारायला लागले, "हिरवा बाक कुठाय?" दोन महिन्यांत त्याची रीतच पडली. बाकावरच्यांनी मागायचं नाही. देणाऱ्यानं नाव विचारायचं नाही. फक्त म्हणायचं, "आमच्यात दोन आहेत," आणि बाकाच्या फाटकाकडच्या टोकाला बसलेल्या दोघांनी उठायचं, बाकीच्यांनी सरकायचं. कोणी आभार मानायला लागलं तर जुने बसणारे त्याला दटावायचे, "चल चल, रांग अडवू नकोस." एक आजी तर स्वतःचा बँड असूनही मुद्दाम शेवटी तिथं येऊन बसायच्या, म्हणायच्या, "इथं गप्पा बऱ्या होतात."

लोक बाईंना दुवा द्यायचे. "केवढं पुण्य हो तुमचं!" बाई हसून निरोप द्यायच्या. पुण्य वगैरे त्यांच्या मनात नव्हतं. त्यांच्या मनात फळा होता.

फळ्याची खबर आचाऱ्याकडून मिळायची. हा आचारी जाडजूड, तोंडाळ, आणि बाईंचा सतरा वर्षांचा सोबती. घरी जाताना दोघांची बस एकच.

"कात्रे, काय चाललंय काही कळेना बघ. मेली हवाच संपायला लागली. काल शंभराला पासष्ट शिजवली, सत्त्याहत्तर खाल्ली. शेवटी नूडल्सची पाकिटं फोडली."

"मग जास्त शिजव."

"मी शिजवीन गं. साहेब शिजवू देतील तर ना! म्हणतात, आकडे चुकत नाहीत, माणसं चुकतात."

"असं म्हणाला?" बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. हसू लपवायला खिडकी बरी पडते.

इथंच दिरानं ती चूक केली जी फक्त तोच करू शकत होता. ताटं कमी पडतात म्हणजे कोणीतरी खातंय, एवढं त्याला कळलं. पण ज्यांनी पैसे भरलेत तीच माणसं आपलं जेवण वापरत असतील हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. विकलेलं जेवण कोणी पूर्ण खाऊ शकतं हे त्याच्या गणितात बसतच नव्हतं. जेवण कमी पडतंय म्हणजे चोरी, हे उत्तर त्याच्याकडे आधीपासून तयार होतं. त्यानं स्वयंपाकघरात आणखी दोन कॅमेरे बसवले. घरी जाताना पिशव्या तपासायला लावल्या. आणि हवा तरीही घटत राहिली, तेव्हा एका सकाळी बोर्डावर, बाईंच्या फोटोशेजारी, आचाऱ्याचा फोटो लागला. भाजीची चव बघताना. 'अन्नाची चोरी.'

त्या दिवशी बसमध्ये आचारी दोन थांबे गेल्यावर म्हणाला, "मीठ बघत होतो गं. मीठ बघायचं नाही तर काय करायचं? माझी मुलगी पण इथंच आहे, तिकीटखिडकीवर. तिनं बघितलं ते."

बाईंच्या जिभेवर आलं होतं. हिरवा बाक, एवढे दोन शब्द बोलल्या असत्या तरी आचारी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगू शकला असता आणि त्याचा फोटो उतरला असता. पण येत्या रविवारी एक मोठा कारखाना आपली सगळी माणसं, बायकामुलांसकट, घेऊन येणार होता. दोन हजार बँड, चाळीस बसगाड्या. दिरानं त्या दिवसासाठी हवा चाळीस धरली होती; कारखान्याची माणसं लवकर निघतात, कमी खातात, असं त्याचं म्हणणं. मालकीणबाई स्वतः येणार होत्या.

चार दिवस राहिले होते. बाई गप्प बसल्या.

रविवारी सकाळपासून त्यांनी कात्रीला हातही जवळजवळ लावला नाही. "काका, शिल्लक पाच. वहिनी, शिल्लक आठ, बघा बाई. हो हो, तिकडे, हिरवा बाक." चाळीस बसचे चाळीस ड्रायव्हर, त्यांचे क्लीनर, साध्या तिकिटावरची घरंच्या घरं. बाक पुरेना तेव्हा माणसं शेडखाली जमिनीवर बसली, पण टोकाकडूनच उठत राहिली. "आमच्यात तीन आहेत." "आमच्यात सहा." दुपारभर ते वाक्य बाईंच्या कानावर पडत होतं आणि प्रत्येक आकड्याला त्यांच्या मनातला फळा पुसला जात होता.

सव्वाचारला शेवटचा काउंटर बंद झाला. साडेचारला मधला. बस सहाला सुटणार होत्या आणि त्याआधी खाऊन घेऊ म्हणून जेवण राखून ठेवलेली कारखान्यातली बरीच माणसं मोठ्या काउंटरवर जमली. पाच वाजता तिथली भांडी खडखडीत झाली. सहाशे लोक, मनगटं वर केलेली, मशीनवर बीप बीप, पडद्यावर शिल्लक दोन, शिल्लक एक, आणि समोर रिकामी पातेली. आवाज फाटकापर्यंत आला.

बाईंनी तो आवाज कान भरून ऐकला. या क्षणाची त्यांनी सात महिने वाट बघितली होती.

तेवढ्यात एक बाई त्यांच्यासमोर आली. खांद्यावर झोपलेलं मूल, दुसरं हाताला धरलेलं. मनगट पुढे करून म्हणाली, "यावर दोन दाखवतंय ना? मी मुद्दाम राखून ठेवली होती, बसमध्ये बसायच्या आधी मुलांना खायला म्हणून. मग देत का नाहीत?"

कात्रीबाईंच्या पर्समध्ये बिस्किटांचा एक पुडा होता, तो त्यांनी त्या मुलाच्या हातात दिला. ते मूल पुड्याकडे बघत राहिलं. ती बाई म्हणाली, "याला काय अर्थ आहे?" आणि निघून गेली. तिचा बँड कापायचा राहून गेला.

मग दीर आला. धावत. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, ओठ कोरडे. त्याला ड्रायव्हरांपैकीच कोणीतरी बाकाचं सांगितलं असावं. तो फाटकाच्या खांबाला धरून उभा राहिला आणि त्या काळ्या पडद्याकडे असं बघितलं जणू पहिल्यांदाच बघतोय.

"वहिनी, काय केलंत तुम्ही हे?"

सात महिने बाईंनी एक वाक्य जपून ठेवलं होतं. आंघोळ करताना, भांडी घासताना, बँड कापताना ते शंभरदा म्हणून पाहिलं होतं, कधी थंडपणे, कधी ओरडून.

"इथं मी वहिनी नाही," त्या म्हणाल्या.

नेमकं त्याच वेळी कोणीतरी मनगट पडद्याला टेकवलं आणि बीप वाजलं. त्याला वाक्य ऐकू गेलं की नाही हे बाईंना आजही ठाऊक नाही. त्यानं खांबाच्या कडेवर दोन बोटं आपटली, टक टक, स्वतःच्याही नकळत, आणि मालकीणबाईंनी बोलावलं म्हणून वळून गेला.

पुढचं सगळं आठवड्याभरात झालं. मालकीणबाईंनी सगळ्यांना विचारलं. बाईंनी पर्समधून दोन तिकिटं काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, जुनं आणि नवं, आणि म्हणाल्या, "मी नियमाबाहेर एक गोष्ट केली असेल तर दाखवा." कोणाला दाखवता आली नाही. दिराला दुसऱ्या गावच्या पार्कात, कोठारावर पाठवलं. बोर्डावरचे दोन्ही फोटो उतरले. फळ्यावर आता हवा दहा, शंभराला नव्वद शिजवतात.

आणि हिरव्या बाकावर मालकीणबाईंनी एक पाटी लावली: 'या, जेवण वाटूया.' खाली हसऱ्या कुटुंबाचं चित्र. पाटी लागल्यापासून बाकावर बसणारी माणसं कमी झाली. ड्रायव्हर म्हणतात, आता तिथं बसलं की आपणच चित्रात बसल्यासारखं वाटतं. बाईंनी स्क्रूड्रायव्हर आणून ठेवलाय. पाटीचे तीन स्क्रू ढिले झालेत, चौथा गंजलाय.

आचारी मात्र बसमध्ये वेगळ्या सीटवर बसतो. त्यानं एकदाच विचारलं होतं.

"माझा फोटो लागला तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"चार दिवस?"

"चार दिवस."

"मग तुझ्यात आणि त्याच्यात काय फरक गं?"

बाई म्हणाल्या, "माझा फोटो आधी लागला होता." आचारी यावर पूर्वी मोठ्यानं हसला असता. तो उठून पुढे जाऊन बसला. परवा मात्र उतरताना म्हणाला, "कात्रे, वाढायला परत ये की. नवी मुलगी भात असा वाढते जणू तिच्या बापाचा जातोय." बाईंना काउंटर परत देऊ केला होता. त्यांनी नको म्हटलं. त्यांना फाटकच बरं वाटतं.

खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती. बाईंना हवं होतं ते सगळं मिळालं. शब्द उतरला, तो लिहिणाराही उतरला. नवरा जेवताना भावाचा विषय काढत नाही आणि बाई रोज स्वयंपाक नेमका दोघांपुरता करतात.

पण गेल्या आठवड्यात ऑफिसातली कारकून मुलगी फाटकावर आली आणि एक लिफाफा देऊन गेली. "तुमच्या फाइलमधला तो कागद. आरोप मागे घेतला ना, म्हणून मूळ प्रत तुम्हाला द्यायची असते." बाईंनी सही केलेला, न वाचलेला तोच फॉर्म. गर्दी नव्हती. बाईंनी चष्मा लावला.

फॉर्मवर दोन चौकोन होते. एक 'नियमभंग', एक 'चोरी'. नियमभंग म्हणजे समज देऊन सोडायचं, फोटो नाही, बदली नाही. या पार्काच्या कागदांवर प्रत्येक खुणेशेजारी वेळ लिहावी लागते, आणि खाडाखोड केली तर त्याचीही वेळ. पहिली खूण 'नियमभंग'वर होती, निळ्या पेनानं, दिराच्याच हातची. शेजारी वेळ, चार वाजून दहा. मग ती खूण दोन आडव्या रेघांनी खोडलेली, बाजूला त्याची लहान सही. आणि 'चोरी'वर नवी खूण. चार पंचवीस.

बाईंनी ते तीनदा वाचलं. रांगेतला एक माणूस मनगट पुढे करून उभा होता, त्याला त्यांनी थांबा अशी खूण केली.

म्हणजे आधी त्याचा हात बरोबर चौकोनावर गेला होता. सहा वर्षांचं खाल्लेलं आठवलं असेल, किंवा काहीच आठवलं नसेल, पण गेला होता. मग पंधरा मिनिटांत तो परत खोडायला वळला.

बाई त्या दिवसाची दुपार पुन्हा पुन्हा उलगडतात. चारच्या सुमाराला काउंटरच्या किल्ल्या द्यायला त्या ऑफिसात गेल्या होत्या, हे त्यांना पक्कं आठवतं. तेव्हा ना फोटो होता ना आरोप, त्यांना कसलीच कल्पना नव्हती. दिराच्या समोर दोन नवे कोटवाले साहेब बसले होते. दीर दमलेला दिसला. आणि त्या सहज, घरच्यासारखं, सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "भाऊजी, जेवलात का? तोंड बघा किती सुकलंय." दोन्ही साहेब हसले होते. दीर हसला नव्हता. एवढंच. पण ते चार दहाच्या आधी की नंतर, हे काही केल्या आठवत नाही.

त्याचा नवा फोन नंबर नवऱ्याकडे आहे. बाईंनी तो कागदावर उतरवून त्याच फॉर्ममध्ये घडी घालून ठेवलाय. मनगटं येतात, बीप वाजतं, शिल्लक दोन, शिल्लक एक. बाई हसून निरोप देतात. आणि प्रत्येक वेळी पातं बँडखाली सरकवताना तोच प्रश्न परत येतो, जो सूड घेऊनही सुटला नाही आणि ज्याचं उत्तर त्या एकट्या माणसाकडे आहे: भाऊजी, त्या पंधरा मिनिटांत काय झालं?